चुड्याखालचा हात

शालन सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर जायला कारापूरहून निघालेल्या बसमध्ये होते. रडू आलं नाही. आधी मनात आलं, त्यांना शेवटची सलाईन कुणी लावली असेल, आणि त्या मुलीला त्यांनी किती प्रश्न विचारले असतील...

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. डिचोली तालुक्यातल्या लहानशा इस्पितळात नर्सची नोकरी लागली तेव्हा पुस्तक तोंडपाठ होतं. दुसऱ्याच आठवड्यात तापाने फणफणलेली एक नवी नवरी दाखल झाली. दोन्ही हातांत भरगच्च हिरवा चुडा. मी बांगड्या वर सारून हाताच्या पाठीवर सुई बसवली. तासाभराने थेंब मंदावले. मी वेग वाढवायला नळीवरची चक्री आणखी सैल सोडली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

फेरीला आलेल्या, वॉर्डच्या मुख्य शालन सिस्टरनी नवरीच्या अंगावरची चादर उचलली. हात टम्म सुजलेला, गार. खाली घसरलेल्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. त्यांनी सलाईन बंद केली, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला.

"थेंब कमी झाले तेव्हा तू कितें केलें?"

"चक्री सोडली." खोटं बोलावंसं वाटलं होतं.

"मग तें उदक गेलें खंय, बाय?"

त्या रागावल्या नव्हत्या. मला उत्तर शोधायला लावत होत्या. पाणी शिरेबाहेर, कातडीखाली साचत होतं, आणि मी ते आणखी जोराने सोडलं होतं.

"चुडो फोडूंक दिवची ना हांव!" रुतलेल्या बांगड्या फोडाव्या लागतील हे दिसताच खाटेशी बसलेल्या नवरीच्या सासूने बजावलं; नव्या नवरीचा चुडा फुटणं अशुभ.

"धा मिनटां, मावशी. बोटां काळवंडली तर हांवच फोडतली. मागीर म्हाका गाळी घाल," सिस्टर म्हणाल्या. शिव्या खायची त्यांची तयारी होती.

बाजारातून काकणकाराला, बांगड्या भरणाऱ्या कासाराला, बोलावलं. तो येईपर्यंत सिस्टर नवरीची नखं दाबून रंग परत येतो का ते बघत होत्या. काकणकाराने साबण लावला, तिचा अंगठा तळव्यात दुमडला आणि एकेक बांगडी उतरवली. एकही फुटली नाही. "अंगठो पयलीं कित्याक?" अंगठा आधी का, हे सिस्टरनी त्यालाही विचारलंच, आणि स्वतःचा हात पुढे करून शिकून घेतलं.

त्यानंतर, सुई लावायच्या आधीच बांगड्या उतरवायच्या म्हणून, सलाईनच्या ट्रेमध्ये चिकटपट्टीशेजारी त्यांनी साबणाची वडी ठेवली. ती अजून असते. झिजली की कुणीतरी नवी ठेवतं.

परवा नव्याने लागलेली मुलगी ट्रे घेऊन थबकली. "सिस्टर, हो साबण हांगा कित्याक?"

सकाळची गडबड होती. तरी मी हातातलं काम बाजूला ठेवलं.