स्लॅबवरची अंबाडी

धर्माबादच्या स्टँडवर बाबांनी माझी वळकटी एसटीच्या सीटखाली ढकलली आणि शेजारी बसून घेतलं. आई खाली उभी होती. गाडी सुरू झाल्यावर तिने खिडकीतून कागदाची एक पुडी माझ्या हातात कोंबली. "अंबाडीचं बी आहे. ही कुणालाही येते."

"तिला दोन वर्षं अभ्यासाशिवाय काही करायचं नाही," बाबा म्हणाले.

"राहू द्या हो, पुडी काय बोलते का तिच्याशी," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू मात्र बोलत जा गं जरा."

मी मान हलवली. गाडी लांब गेल्यावर आठवलं, की तिला 'येते' म्हणायचं राहिलं.

लातूरला तेव्हा गल्लीगल्लीत क्लास होते आणि उरलेल्या घरांत आम्ही, बाहेरगावच्या मुली. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी, आणि यादीप्रमाणे बॅच. इंग्लिश मीडियमची म्हणून मला ए बॅचमध्ये बसवलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मी सी बॅचमध्ये आले. मला सगळं समजायचं, पण सरांनी नाव घेतलं की तोंड उघडायचं नाही.

घरमालकीण काकू किल्लारीकडच्या. भूकंपानंतर गाव सोडून लातूरला आलेल्या. स्लॅबचं खाली-वर घर त्यांनी मुलींना दिलं होतं आणि स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या, अगदी एप्रिलातही. आम्ही त्याला कंजूषपणा म्हणायचो. त्यांचं तोंडही तिखट होतं. ताटात भाकरी टाकताना म्हणायच्या, "काय डॉक्टरीणबाई, भाकर इंग्रजीत चावायलीस का? घशाखाली उतरंना ती." सगळ्या हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचे.

सी बॅच मिळाली त्या आठवड्यात मी पुडी उघडली. शेजारी नव्या हॉस्टेलचा पाया खणत होते, तिथली काळी माती पिशवीतून आणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत भरली आणि डबे आमच्या खोलीवरच्या स्लॅबवर मांडले. दिवसातून तीनदा पाणी घालत होते. आठ दिवसांनी बी कुजल्याचा वास आला. कुणालाही येणारी मला आली नव्हती.

सारिका, माझी रूममेट, लोह्याची. घरची शेती. तिने डबा उलटा करून बघितला आणि पोट धरून हसली. "अगं बाई, खाली भोकच न्हाई! बियांला पोहायला शिकवायलीस का?" तिनेच खिळ्याने भोकं पाडून दिली आणि मातीत वाळू मिसळायला लावली.

दुसऱ्या वेळी अंबाडी आली. सात डबे. लाल देठ, करवती कडांची पानं. मी क्लासवरून येऊन आधी वर जायचे. लातूरमध्ये माझी अशी तेवढी एकच गोष्ट होती, जिला कुणी नंबर दिलेला नव्हता. ती गेली असती तर मी दुसऱ्याच दिवशी धर्माबादची गाडी पकडली असती, हे मला माहीत होतं.

माती मिसळतानाच सारिकाने मला काकूंचं सांगितलं होतं. त्यांच्या गावात माळवदाची घरं. लाकडी फळ्यांवर हातभर मातीचं छप्पर, आणि गळू नये म्हणून पावसाळ्यात वर आणखी माती टाकायची. भूकंपात ती खाली आली. काकूंची चार वर्षांची मुलगी त्या मातीखाली गेली. मी "अच्छा" म्हणाले आणि वाळू कालवत राहिले. भूकंप आम्हाला शाळेत होता. फोकस आणि एपिसेंटर यांतला फरक. मला पाचपैकी पाच होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी टेस्ट देऊन आले, तर काकू स्लॅबवर होत्या. त्या जिना कधीच चढत नसत. डबे उचलून, कठड्यावरून, एकेक करून शेजारच्या खड्ड्यात टाकत होत्या. सहा गेले होते. सातव्यातली अंबाडी माझ्या कमरेएवढी होती आणि तिला पहिलं पिवळं फूल आलं होतं.

"काकू!"

"खाली कोन झोपतं?" त्यांना धाप लागली होती. "सांग की. ह्या मातीखाली कोन झोपतं?"

"मी. आणि सारिका."

"मग?" आणि सातवा डबा गेला.

आवाज ऐकून सारिका जिन्यात आली होती. दोन वर्षांत जे तोंड फळ्यापुढे उघडलं नाही, ते तेव्हा उघडलं. मी अगदी स्वच्छ, व्याकरणशुद्ध मराठीत म्हणाले, "तुमच्या मुलीवर माती पडली म्हणून माझी झाडं फेकायची का?"

काकू हातांची माती पदराला पुसत म्हणाल्या, "पडली न्हाई. म्या टाकली व्हती. तिच्या अंथरुणावर गळायलं म्हणून. चार पाट्या. डोक्यावर वाहून."

आणि एकेका पायरीवर बसत जिना उतरल्या.

त्या मला घालवून देतील असं वाटलं होतं. घालवलं असतं तर बरं झालं असतं. परीक्षेपर्यंत त्यांनी मला रोज गरम भाकरी वाढली आणि एकदाही डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. सारिकाने तिची कॉट दुसऱ्या खोलीत नेली. मी माफी मागितली नाही. मी लाजाळू आहे, मला बोलता येत नाही, असं स्वतःला सांगत राहिले. पण काय बोललं की माणूस खाली बसतं, ते मला बरोबर आलं होतं.

न्यायला आलेले बाबा काकूंना हात जोडून म्हणाले, "लेकरासारखं सांभाळलंत हो पोरीला."

"हाव," काकू म्हणाल्या. एवढंच.

मी डॉक्टर झाले नाही. बेंगळुरूला सहाव्या मजल्यावर राहते, लॅपटॉपवर काम करते, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. घर शोधताना माझ्यासोबतच्या मुली किचन बघायच्या, पाण्याचं विचारायच्या. मी विचारायचे, वर काय आहे? आणि खाली कोण राहतं? एजंटला वाटायचं, मला आवाजाचा त्रास होतो. खाली एक जोडपं आणि त्यांची लहान मुलगी राहते. लिफ्टमध्ये ती मला हॅलो म्हणते.

त्या गल्लीत माझ्यानंतर राहून गेलेल्यांनो, काकू अजून पत्र्याखालीच झोपतात का, हे तुमच्यापैकी कुणाला तरी माहीत असेल. सारिका, तुला नक्की असेल. मी विचारलेलं नाही.

आई अजून दर वर्षी पुडी पाठवते. यंदा मी ती अंबाडी खाली, पार्किंगच्या कडेच्या पट्टीत, उघड्या जमिनीत टाकली. सोसायटीच्या माळ्याने दोनदा तण समजून उपटली, तरी पुन्हा टाकली. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "एवढी मोठी बाल्कनी आहे की गं. तिथं का नाही लावत?"

"इथं ऊन येत नाही," मी म्हणाले.

बाल्कनीत दिवसभर ऊन असतं.