सहीविना पोचपावती

रत्नागिरीत माळनाक्यावर रेणुकाबाईंचा टायपिंग क्लास होता. एक खोली, दहा-बारा मशीन आणि मधून फिरणाऱ्या बाई. कुणी बोटांकडे बघून टाइप करताना दिसला की त्याच्या हातांवर त्या टॉवेल टाकायच्या. माझ्यावर तो इतक्यांदा पडला की शेवटी मी घरूनच एक धुतलेला न्यायला लागले. आता त्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात. तिथून जाताना अजूनही माझा जीव हळहळतो.

निम्मं गाव बाईंकडून कागद टाइप करून न्यायचं. बदलीचे अर्ज, भावाभावांतल्या नोटिसा, काडीमोडाचे मसुदे. कार्बनवर मजकूर उमटून राहतो, म्हणून वापरलेले कार्बन बाई संध्याकाळी घरी नेऊन बंबात घालायच्या. कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. आम्ही मुली खोदून खोदून विचारायचो आणि टॉवेल ओढवून घ्यायचो.

बाई संगमेश्वरकडच्या बौद्धवाडीतल्या. शिकायचं आणि सरकारी नोकरीत शिरायचं, हे त्यांच्या वडिलांनी मनावर बिंबवलेलं. स्वतःला नोकरी लागली नाही, म्हणून दुसऱ्यांना लावून देण्यात त्यांनी जन्म घालवला. मुलीच्या, दीप्तीच्या हातात नेमणुकीची ऑर्डर आली तेव्हा क्लासभर पेढे वाटले. दीप्तीने ती ऑर्डर नाकारली आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत बंगळूरला निघाली. रागाच्या भरात बाई बोलून गेल्या, "पुन्हा या घरी येऊ नको." मुलगी त्यांचीच. खरंच आली नाही.

क्लास बंद झाला, दीप्तीचे वडील गेले, आणि बाईंचा राग कधीच विरून गेला. फोन करायचा धीर मात्र होईना. मग त्या दर रविवारी दीप्तीला ईमेल लिहू लागल्या, अर्थातच बोटांकडे न बघता. फणस किती लागले, शेजारच्या सोनूबाईंचा गुडघा कसा आहे, असंच काहीबाही. उत्तर येत नव्हतं.

महिपत हा बाईंचा जुना विद्यार्थी, आता कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "बाई, मेल उघडला का ते कळायची सोय आहे. रजिस्टर पत्राची पोचपावती असते ना, तसंच समजा." बाईंनी उभ्या जन्मात पोचपावतीची शेकडो रजिस्टर पत्रं तयार केलेली. त्यांना ते लगेच पटलं.

सोय म्हणजे काय, तर मेलमध्ये एक चित्र दडवायचं. मोहरीहून बारीक, डोळ्यांना न दिसणारं. वाचणाऱ्याने मेल उघडला की ते गुपचूप कळवतं, केव्हा उघडला आणि कुठल्या गावात.

दीप्ती प्रत्येक मेल उघडत होती. एकेक तीन-तीनदा. बाईंच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी तजेला आला म्हणून सांगू!

मग फेब्रुवारीत एका मेलपुढे गाव आलं, रत्नागिरी. "गावाच्या बाबतीत ते कधीकधी थापा मारतं," महिपतने सांगितलं. बाईंनी तरीही घर झाडून घेतलं, तिसऱ्यांची, शिंपल्यांची आमटी केली आणि दाराकडे डोळे लावून बसल्या. कुणी आलं नाही.

"फोन करून विचारा की," मी म्हटलं.

"विचारू कशी गो? तुला कसं कळलं, म्हणेल." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पोचपावतीवर घेणारा सही करतो. हिने कुठे केली? लोकांची गुपितं सांभाळली नि पोरीच्या घरात मीच डोकावले."

त्याच रविवारी त्यांनी महिपतला ते सगळं काढायला लावलं आणि दीप्तीला लिहिलं, "तू मेल उघडतेस का ते मी तुझ्या नकळत बघत होते. चुकलं माझं. आता तू वाचलंस का, ते मला समजणार नाही." मुलगी आता कायमची तुटेल, याची त्यांना खात्रीच होती. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत असताना फोन वाजला. बाईंना कानाला धरवेना, म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, तू दडवलेलं ते चित्र मला पहिल्याच वेळी सापडलं होतं," दीप्ती म्हणाली. "माझं कामच ते. बंद करता आलं असतं. मुद्दाम नाही केलं. बोलायला तोंड नव्हतं, पण मी वाचते एवढं तरी तुला कळावं म्हणून."

"मग रत्नागिरीत आलेलीस ती?"

"लॉजवर तुझा मेल उघडला आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. म्हटलं, आता आईला कळलं असेल. फोन करेल, ये म्हणेल. खूप वेळ उभी होते."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या रडत होत्या आणि मीही.

"मी बघितलं होतं गो," त्या म्हणाल्या. "पण चोरून बघितलेलं. हाक कशी मारणार?"

पलीकडे दीप्तीला हुंदका आवरेना. बाईंनी पदराने डोळे पुसले.

"आता कधी येतेस ते तूच सांग. मला दुसरीकडून कळायचं नाही."