जनू परमनंट होईपर्यंत

किस्से कुणी जमवायला जात नाही. आमच्या मंडळात तर ते झोडलेल्या भाताच्या पेंढ्यासारखे साठत गेलेत. एक उपसला की वरचे चार अंगावर येतात. परवा कुणीतरी जनूचं नाव काढलं आणि चहा थंड झाला, पण माणसं उठली नाहीत.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, आणि मंडळ कबड्डीचं. मी डाव्या बाजूला खेळायचो, कप्तान गोविंददादाच्या शेजारी. दादा भातशेती करणारा, अंगानं काटकुळा, बोलायला तिरसट. पण चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटायची सोय नाही. आणि जनू म्हणजे दादाच्या समोरच्या घरातलं पोर. तो कुमार गटात खेळायला लागला तेव्हाच दादानं ठरवलं, याला कंपनीच्या टीममध्ये घालायचा. नव्वदच्या दशकात कबड्डीवर पोट भरायचं तर तोच रस्ता होता. कंपनी नोकरी द्यायची, आपण तिच्यासाठी खेळायचं. दादाला स्वतःला तरुणपणी असं बोलावणं आलं होतं. तेव्हा घरात भात कापायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून राहिला. त्यावर तो कधी बोलायचा नाही. जनूवर मात्र दिवसभर बोलायचा.

*

कुमार गटाला वजनाची मर्यादा असते. शहापूरला निवड होती, तिथं आधी काट्यावर उभं करणार. दादानं जनूच्या आईला निरोप दिला, "काकू, पोराचं वजन करनार हायत, जरा बघा."

काकूनं बघितलं. आठवडाभर तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, वर गूळ-शेंगदाणे. काट्यावर जनू जास्त भरला. दादानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते सगळं मीच खाल्लं होतं. मग भर उन्हात घोंगडी पांघरून जनूला मैदानाभोवती पळवला. तरी काटा थोडा वरच. शेवटी दादानं त्याला समोरच्या न्हाव्याकडे बसवून डोकं तुळतुळीत करून आणलं, आणि मर्यादेत बसला. त्या दिवशी जनू असा खेळला की जिल्ह्याच्या टीममध्ये त्याचं नाव पहिलं आलं.

येताना एसटीत सापगावचे ओळखीचे एक म्हातारे चढले. जनूचं डोकं बघून त्यांचा चेहरा उतरला. शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, "कदी गेला रे बाबा तुजा? आमाला कळवला पन नाय."

पुढच्या सीटवर जनूचा बाबाच बसला होता. मागे वळून म्हणाला, "नाय गेलो अजून. किन्हवलीचा तिकीट काढलाय."

घरी काकूला दादानं विचारलं, एवढं खाऊ का घातलंत. काकू म्हणाली, "वजनात पोर कमी भरला तर लोक काय बोलतील? आयशीनं पोटाला घातला नाय?"

*

पावसाळ्यात खेळ बंद असायचा. दादाला ते सहन व्हायचं नाही. लावणीच्या दिवसांत सगळी टीम घेऊन तो जनूच्या शेतावर मदतीला गेला. जनूच्या बाबाला बरं वाटलं. पण दादानं रोपं बाजूला ठेवली, चिखलातच मध्यरेषा मानली आणि जनूला चढाई करायला लावली. "हितं पाय उचलता आला की सुक्यावर तुला कोन धरतंय?"

बाबा बांधावर रोपांच्या मुठ्या घेऊन उभा. "अरे गोविंदा, लावनी कदी करनार?"

"काका, लावनीच्या आदी चिखल तुडवायलाच लागतो ना? तुडवतोय आमी."

संध्याकाळपर्यंत आम्ही तुडवलं, लावलं, पुन्हा तुडवलं. जनू गुडघाभर चिखलातून असा निसटायचा की आमच्या हातात नुसता चिखल राहायचा. आम्ही सगळे घाण झालो, दमलो, पण दादाला इतक्या खुशीत मी क्वचितच बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः दादाच्या दारात. "आज वरच्या शेतात खेला. बैल दमलेत."

*

पुढं ठाण्याला एका कंपनीची निवड चाचणी निघाली. तोवर मॅट आल्या होत्या. जनूनं मॅट बघितली नव्हती आणि खेळायचे बूटही घातले नव्हते. बूट माझे नेले, पुढं कापूस कोंबून.

आता आपल्यात मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची, हे काय सांगायला नको. मॅटवर माती कुठली? दादानं आदल्या दिवशीच आमच्या मैदानातली माती रुमालात बांधून जनूला दिली होती. जनूनं मॅटवर पाय ठेवायच्या आधी गाठ सोडली आणि सगळी माती त्या कोऱ्या निळ्या मॅटवर सांडली.

टीमचे मॅनेजर साहेब ओरडले, "अरे, हे काय शेत आहे का?"

जनूनं अंगातला शर्ट काढला आणि गुडघ्यावर बसून मॅट कोपऱ्यापर्यंत पुसून काढली. मग तसाच उघडा खेळला. त्याला धरायला कंपनीची अख्खी टीम लागली आणि तरी तो रेषेवर पोचला.

साहेबांनी चष्मा काढला. "घ्या याला. पुसतोही चांगलं."

पण घेतला तो टेम्पररी. साहेबांनी स्वच्छ सांगितलं, सीझनभर खेळ बघू, मग परमनंट करायचं की घरी पाठवायचं ते ठरवू.

तेव्हापासून गावात एकच विषय. जनू सुट्टीला आला की उंबऱ्यातच काकू विचारायची, "झाला काय रे परमनंट?" तो नाही म्हणायचा. मग काकू त्याच्यासाठी पाणी आणायला आत जायची आणि जरा वेळ आतच राहायची. दादा विचारायचा नाही. तो फक्त जनूचे घोटे दाबून बघायचा.

*

कंपनीनं जनूला ट्रॅकसूट दिला, पाठीवर मोठ्या अक्षरात नाव. सुट्टीत तो घरी ठेवून जनू गावात फिरायला गेला. तेवढ्यात बाबानं वरचं जॅकेट अंगात घातलं, खाली धोतर, आणि मुरबाडच्या बाजाराला गेला.

बाजारात एकानं विचारलं, "काय तात्या, या वयात कंपनीत लागलाव?"

बाबा म्हणाला, "अर्धाच लागलोय. पँट परमनंट झाल्यावर घालनार."

*

आणि मग मुरबाडची ती स्पर्धा. सीझनची शेवटची. उपांत्य सामना पडला आमचा आणि जनूच्या कंपनीचा. साहेब पुढं खुर्चीवर. आज ठरवणार, असं जनू सकाळीच सांगून गेला होता. त्याचे आई-बाबा दोघंही आलेले, कोणत्या बाजूला बसायचं ते न कळून मध्यरेषेसमोर बसलेले. माझंही तेच झालं होतं. आपण जिंकावं की जनूनं, मला खरंच ठरवता येत नव्हतं. दादाला विचारायची हिंमत नव्हती.

दादा खेळला मात्र जीव तोडून. दोनदा जनूचा घोटा धरला, दोनदा त्याला आपटला. काकूनं डोळ्यांवर पदर घेतला.

शेवटची चढाई राहिली, गुण बरोबरीत. चढाईला जनू. आमच्या डाव्या कोपऱ्यात दादा, त्याच्या हातात माझा हात. जनू आला, खाली वाकून दादाकडे हात टाकला, दादा मागे सरकला, जनू परत रेषेवर. पंचांनी हात आडवा हलवला. स्पर्श नाही. बरोबरी.

तेवढ्यात दादानं मोकळा हात वर केला आणि मैदानाबाहेर चालायला लागला. माझा हात सोडायचं विसरला, त्यामुळं मीही फरफटत निघालो. "लागला त्याचा हात. मी बाद."

आपला माणूस स्वतःहून बाद झाला म्हटल्यावर आमचं मंडळ हरणार होतं. पंच म्हणाले, "मी समोरच होतो. नाही लागला."

"लागला."

मध्यरेषेवरून जनू धापा टाकत बोलला, "नाय लागला, पंच. माझा हात पोचलाच नाय."

"तू गप. अंग माझा हाय, तुला काय कलतंय?"

"पन हात माझा हाय, दादा."

मग पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. "अरे बाबांनो, दोघांपैकी एकानं तरी आपल्या टीमच्या बाजूनं भांडा!"

साहेब खुर्चीवरून उठले. जनूकडे बघितलं, दादाकडे बघितलं, चष्मा पुसला. "पंच, गुण कुणाला द्यायचा तो द्या. माझं बघून झालं. जनू, सोमवारी ऑफिसात ये, परमनंटची सही करायला."

काकू रडायला लागली. बाबा उठून उभा राहिला आणि कुणाला नमस्कार करायचा ते न कळून चारी बाजूंना केला. जनू पळत दादाकडे आला.

दादा रेषेबाहेर मांडी घालून बसला होता, डोळे लाल. जनूला जवळ घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच्या खांद्यावरून पंचांना म्हणाला, "ते सगला ठीक हाय. पन लागला."