दोघांपुरती रुंदी

पेन्सिल कानावर ठेवून ती घरभर शोधायचे. कुठलंही माप दोनदा मोठ्यानं म्हणायचे, खोलीत कुणी नसलं तरी. लिफ्ट दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवली, पण स्वतः जिन्यानं चढायचे. फोन वाजला की आधी नाव बघायचे, मग चेहरा उतरायचा, मग ‘हॅलो’.

खालच्या मजल्यावरचे काका. मी वर भाड्यानं राहतो. साहित्यात पदवी घेतलीय हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत मला प्लायवुड धरायला लावलं.

“कविता शिकलास ना? मग हात रिकामेच असणार. धर.”

बाहेरच्या खोलीत ते गेमचं मशीन बनवत होते. पूर्वी दुकानांतून उभं असायचं तसलं. वर पडदा, खाली जॉयस्टिक आणि बटणं, दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं. शाळेमागच्या दुकानात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ असेच खेळायचे. भाऊ नेहमी उजवीकडे. पुढे आईच्या शेवटच्या आजारात कुणी किती केलं, यावरून दोघांचं बिनसलं. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायचा. मशीन झालं की त्याला बोलवायचं, एवढं ठरलेलं होतं.

“आत्ताच फोन करा ना,” मी म्हणायचो.

“आणि काय सांगू? ये, मनातलं बोलू? येतोय तो! खेळायला ये म्हटलं तर मात्र नाही म्हणायचा नाही.”

बटणांची फळी बसवली तेव्हा त्यांनी मला उजवीकडे उभं केलं. आम्ही मावेनाच. माझं कोपर त्यांच्या बरगडीत, त्यांचं पोट माझ्या जॉयस्टिकवर.

“काका, माप कुठून घेतलंत?”

“आम्ही उभे राहायचो तेवढंच...” ते थबकले. मग हसत सुटले. “तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात असे होतो रे आम्ही!”

हसू ओसरल्यावर त्यांनी उजवीकडची जागा टेपनं मोजली.

“आता कसा दिसत असेल तो? सुटला असेल?”

“तुमचाच भाऊ ना.”

“मग दोन इंच जास्तच धरू.”

फळी रुंद करायची म्हणजे सगळा सांगाडाच नव्यानं कापायचा. तीन आठवडे त्यात गेले. मी पुन्हा फोनचं काढलं.

“अर्धवट दाखवून हसं करून घेऊ? होऊ दे आधी.”

बुधवारी कामावर त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

भावाला मीच कळवलं, काकांच्या फोनवरून. नंबर ‘टिल्लू’ नावानं होता. पहिल्याच रिंगला उचलला.

“बोल दादा,” तो म्हणाला.

पलीकडून तो पुन्हा म्हणाला, “बोल ना रे.”

तो आला. चांगला जाडजूड आहे. सगळं उरकल्यावर बाहेरच्या खोलीत गेला आणि न सांगता मशीनच्या उजव्या बाजूला उभा राहिला. शेजारी एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा उरली.

डावीकडची सहाही बटणं चालतात. उजवीकडे चार बसवलीत. दोन भोकं रिकामी आहेत, आणि त्या चारांपैकी एकाच्याही तारेला अजून सोल्डरचा डाग दिलेला नाही.