कुंकवानं उडालेलं पॉलिश

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला, की राइट टाउनच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. पूजेच्या पाटावर आजोबांचं जुनं रिव्हॉल्वर होतं आणि शेजारी काकांनी हौसेनं घेतलेलं नवं, चकचकीत. काकूनं दोन्हींना ओलं कुंकू लावलं. संध्याकाळी काका शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं घेऊन पुसायला बसले, तर नव्याचं काळं पॉलिशच फडक्यावर उतरलं. "हे काहून निघून राहिलं?" काका पुटपुटले. काकू हळूच म्हणाली, "जुनं तर सासूबाईंच्या काळापासून कुंकू लावून घेऊन राहिलं जी." काकांनी फडकं घडी करून ठेवलं. पण दसऱ्याला सोनं द्यायला निघाले, तेव्हा कमरेला नवंच होतं, पॉलिश उडालेली बाजू अंगाकडे वळवून. आता दोन्ही माझ्या नावावर आहेत. यंदा जुन्याला कुंकू लावलं. नव्याला नुसतं फूल वाहिलं.