इन्स्पेक्शनचा लाल रंग

मुंबईच्या उपनगरातल्या एका सप्लाय डेपोत माझं पोस्टिंग झालं ते १९८६ च्या जानेवारीत. डेपो नेमका कुठे ते लिहीत नाही, सवय आहे. अंधेरी स्टेशनवरून बेस्टच्या बसने पाऊण तास, एवढं पुरे. मी हवालदार क्लार्क होतो, बी.ए., दुसरा वर्ग. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते आणि आई अंगठा उठवायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण त्या पदवीच्या जोरावर मी काय टाइप केलं तेही सांगायला हवं. नाहीतर हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

डेपोत बारा शेड होत्या. तंबू, ताडपत्र्या, दोरखंड, रंगाचे डबे असा माल. आवारात बावीस हायड्रंट होते. हायड्रंट म्हणजे जमिनीतून वर आलेला जाड नळ, त्याच्या डोक्यावर लोखंडी चाक. चाक फिरवलं की पाणी. आग लागली तर त्यालाच होज, म्हणजे आगीचा कापडी पाइप, जोडायचा. मागच्या भिंतीपलीकडे चाळीसेक घरांची वस्ती होती. बहुतेक बौद्ध कुटुंबं, मराठवाड्याकडून आलेली. शेड सातची पाठ आणि त्यांची पहिली रांग यांत दहा पावलांचं अंतर.

त्या बावीस चाकांवर एकच माणूस होता. लान्स नायक शांतवन साळवे. मूळचा इन्फंट्रीचा. गुडघा कामातून गेला म्हणून लो मेडिकल कॅटेगरी, म्हणून फायर सेक्शन. ज्यांना दुसरीकडे कुठे पाठवता येत नाही ते जवान त्या सेक्शनमध्ये पाठवत. शिक्षण आठवी. माझ्यासारखाच ख्रिस्ती, माझ्याच जिल्ह्यातला. मला ते फारसं आवडलेलं नव्हतं.

सकाळी पावणेसहाला तो निघायचा. एका हातात ग्रीसचा डबा, खांद्यावर फडकं. प्रत्येक चाक थोडं फिरवून परत बसवायचं, दांडा पुसायचा, बोटाने ग्रीस लावायचं. तिथे अर्धा मिनिट डोळे मिटून थांबायचं, मग पुढे. लंगडत बावीस चाकं व्हायला दोन तास लागत. फॉलिनला रांगेत उभी पोरं ओरडायची, "ए पाद्री, नळाला बाप्तिस्मा दिलास का?"

तो म्हणायचा, "दिला रे. तुझाच राहिलाय. येतोस का, टाकी भरलेली आहे."

रविवारी आउटपास मिळाला की आम्ही दोघं घाटकोपरला जायचो. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मराठी उपासना व्हायची. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की देवाने प्रत्येकाला एका मोठ्या कार्यासाठी बोलावलंय. परतीच्या बसमध्ये मी भडकलो होतो.

"कसलं कार्य? बी.ए. होऊन मी लीव्ह सर्टिफिकेटं बडवतोय. अमक्याला दहा दिवस, तमक्याला आठ. यासाठी शिकलो का मी?"

साळवे खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "साहेब, तुमच्या हातचा कागद घेऊन माणूस आईला भेटायला जातो. हे बारकं आहे का?"

"तुला काय कळतंय."

"नाही कळत," तो हसला. "पण माझं सांगू? इथे आलो तेव्हा मला वाटलं, आपण भंगार झालो. पहिले दोन महिने प्यायचो. मग एक दिवस चाकाला ग्रीस लावता लावता मनात आलं, याच्या पाण्यावर कोण कोण जगणार आहे? त्यांचं नाव तरी घ्यावं. तेव्हापासून एकेक चाक एकेकाला वाटून दिलंय. गेटचं पहारेकऱ्यांचं. टाकीजवळचं माझ्या बायकोचं, विमलचं. शेड सातमागचं भिंतीपलीकडच्या लोकांचं."

"ते कुठे आपल्यातले?"

"धूर काय विचारून घरात शिरतो का, साहेब?"

 मग मी विचारलं, "माझं आहे का एखादं?"

"ऑफिसमागचं. ते जरा जड फिरतं."

बसमधला कंडक्टरही हसला. मला राग आला होता. उरलेल्या वाटेत त्याने बावीसही चाकं कोणाकोणाची ते सांगितलं.

पुढच्या वर्षी, १९८७ च्या मार्चच्या सुरुवातीला जनरलसाहेबांच्या इन्स्पेक्शनची तारीख आली. नागरी वाचकांना हे प्रकरण समजावून सांगायला हवं. फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे गेरू, चुना आणि रंग. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, आणि हलणारं-न हलणारं जे काही लोखंड दिसेल त्याला ऑइल पेंट. आमच्याकडेही तेच झालं. हायड्रंटना लाल रंगाचे दोन हात दिले. चाकाला, दांड्याला, दांडा नळात शिरतो त्या फटीलासुद्धा. आगीच्या बादल्या रंगवून ओल्या असतानाच हुकांवर टांगल्या. बादलीतली वाळू चाळून, थोपटून, वर रांगोळीने डेपोचं चिन्ह काढलं. आग विझवायच्या वाळूवर रांगोळी! तेव्हा मला ती झकास वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवे ग्रीसचा डबा घेऊन निघाला, तेव्हा सुभेदार परब आडवे आले. मालवणकडचे, जिभेला धार.

"मेल्या, खंय चाललंस? रंगाक बोट लागला तर बोट तोडीन तुझा."

"साहेब, चाक फिरवलं नाही तर रंग आत जाऊन बसेल. जाम होईल."

"चार दिवसांनी इन्स्पेक्शन. चार दिवसांत काय प्रलय येतलो?"

डेपोचे ओसी, म्हणजे प्रमुख, मेजरसाहेब यांनी ऑर्डर काढली. इन्स्पेक्शन होईपर्यंत हायड्रंट, बादल्या आणि होज यांना कोणी हात लावू नये. ऑर्डर मी टाइप केली. चार दिवसांनी जनरलसाहेब आले नाहीत. तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. एप्रिल गेला, ऑर्डर तशीच. उन्हात आणि खाऱ्या हवेत तो रंग दगडासारखा झाला.

साळवे तरीही रोज पावणेसहाला निघायचा. डबा नाही, फडकं नाही. प्रत्येक हायड्रंटसमोर हात मागे बांधून अर्धा मिनिट उभा राहायचा. परबांनी हटकलं तर म्हणाला, "हात लावायचा नाही अशी ऑर्डर आहे, साहेब. उभं राहायचं नाही अशी नाही." पोरं हसली. मीही हसलो.

एप्रिलच्या शेवटी तो माझ्या टेबलाशी आला. "साहेब, एक अर्ज लिहून द्या. मी नुसतं चाक हलवून बघितलं काल. ऑर्डर मोडली, कबूल. पाच चाकं हलत नाहीत. शेड सातची दोन्ही त्यात आहेत."

मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. "इन्स्पेक्शननंतर बघू."

"अर्ज तरी ठेवा."

"साळवे, ऑर्डर मोडली असं स्वतःच्या अर्जात लिहिणार तू? चार्ज लागेल. जा, काम कर."

तो गेला. त्या क्षणी माझ्या मशीनवर कोणता कागद होता, ते मला पक्कं आठवतं. इन्स्पेक्शनच्या फाइलीचं सर्टिफिकेट. सर्व बावीस हायड्रंट तपासले असून ते चालू स्थितीत आहेत. वाक्यरचना माझी, मेजरसाहेबांनी फक्त सही केली. सही करताना म्हणाले, "गुड इंग्लिश, हवालदार." मी दिवसभर खूश होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी शेड सातमधून धूर आला. वायरिंग, असं नंतर म्हणाले. तंबूंच्या कापडाला मेण असतं, ते तेलासारखं पेटतं. सायरन वाजला. दोन तेवीसला फायर सेक्शन होज घेऊन पोचला. ऑफिसच्या टेलिफोनवर मी होतो.

"ऑफिस, शेड सात. पाणी नाही."

"पुन्हा सांग."

"पाणी नाही! चाक फिरत नाही! बादल्या हुकाला चिकटल्यात!"

मी फोन ठेवून धावलो. शेडच्या पुढच्या हायड्रंटवर तिघं लटकले होते. साळवेने चाकात पाइप घालून जोर लावला. चाकाचा आरा तुटून हातात आला. शहराचे बंब निघाले होते, पण त्यांना यायला वेळ होता. आगीचा रोख मागे, भिंतीकडे. पलीकडून बायकांच्या हाका ऐकू येत होत्या, भांडी पडल्याचे आवाज येत होते.

परब ओरडले, "मागे सरा सगळे! शेड सोडा!"

साळवे म्हणाला, "मागचं एक आहे, साहेब."

"ताही जाम आसा!"

"बघतो."

दोन फुटी पाइप रेंच घेऊन तो शेडच्या मागच्या गल्लीत शिरला. लंगडतच. दोन पोरं होज ओढत त्याच्यामागे गेली. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं. आधी त्याने रेंचच्या टोकाने दांड्याभोवतीचा रंग खरवडला. घाई केली नाही. मग रेंच लावून थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे. पोरांना म्हणाला, "होज भिंतीवर धरा. शेड गेली तर जाऊ दे." दोन एकेचाळीसला पाणी आलं. भिंत आणि वस्तीची पहिली रांग भिजत राहिली. दोन पन्नासच्या सुमारास शेडची मागची बाजू कोसळली. पोरं भिंतीला चिकटून होती, ती वाचली. साळवे चाकापाशी होता. दवाखान्यात चार दहाला त्याने प्राण सोडला. वय चौतीस.

वस्तीतलं एकही घर जळलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी दहा दिवसांत बसली. बाहेरचे तीन अधिकारी. पहिल्याच दिवशी दिशा कळली. हायड्रंटची देखभाल कोणाची? लान्स नायक साळवेची. हायड्रंट जाम होते? होते. मग दोष कोणाचा? गणित सोपं होतं आणि उत्तर मेलेलं होतं.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी परबांनी मला बाहेर बोलावलं.

"बी.ए., मेलेल्याक काय फरक पडता? जिवंतांचो विचार कर. साहेबाचा प्रमोशन आसा, तुझा पण आसा."

"त्याची बायको आहे, सुभेदारसाहेब. पोरगी आहे. नवऱ्याने कामचुकारपणा केला म्हणून शेड जळली, हे त्यांनी जन्मभर ऐकायचं?"

"मग काय करतलंस?"

मी ऑफिसकडे वळलो. आठवी शिकलेल्या माणसाने जे काम प्रार्थनेसारखं केलं, ते काम त्याला मनाई करून थांबवायचं. मग ते काम केलं नाही म्हणून त्याच्याच नावावर दोष लिहायचा. आणि लिहायला माझ्यासारखा शिकलेला माणूस बसवायचा. हात न लावण्याची ऑर्डर आणि सगळे हायड्रंट चालू असल्याचं सर्टिफिकेट, दोन्ही कागद मीच टाइप केले होते. दोन्हींच्या कार्बन कॉप्या माझ्या कपाटात होत्या.

सकाळी दहाला मी त्या कोर्टासमोर ठेवल्या. साळवेच्या अर्जाचंही सांगितलं, आणि तो मी घेतला नाही हेही.

पीठासीन कर्नलसाहेबांनी विचारलं, "ऑर्डर असूनही त्याने चाक हलवून पाहिलं?"

"हो, सर."

"आणि तुम्हाला सांगितलं?"

"हो, सर. मी वर पाहिलं नाही."

शेवटी निकाल लागला की कोणीही व्यक्ती दोषी नाही. मेजरसाहेब वेळेवर लेफ्टनंट कर्नल झाले. परवानगीशिवाय ऑफिसचे कागद बाहेर काढले म्हणून मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका, मिळाला, माझं प्रमोशन तीन वर्षं मागे पडलं. त्याचं मला काही नाही. पण "कोणीही दोषी नाही" या वाक्याचा राग मला आजही आहे. माझ्या कागदाने एक माणूस त्याच्या कामापासून दोन महिने लांब ठेवला. दोष नाही कसा?

जूनमध्ये घाटकोपरच्या हॉलात त्याच्यासाठी उपासना झाली. विमलवहिनी गावाहून आल्या होत्या, सोबत सहा वर्षांची मुलगी. पाळकसाहेब मनापासून बोलले. म्हणाले, देवाने आपल्या भावाला त्या एका क्षणासाठी तयार केलं होतं. त्या वीस मिनिटांत त्याच्या आयुष्याचं सार्थक झालं.

मी उठून उभा राहिलो. उपासनेत असं कोणी उठत नाही.

"नाही, पाळकसाहेब. माफ करा. सार्थक त्याच्या आधीच झालं होतं. रोज होत होतं. ती वीस मिनिटं आमच्या मूर्खपणाची होती. आम्ही त्याला त्याचं काम करू दिलं असतं, तर त्या दिवशी साधं पाणी आलं असतं आणि तो आज इथे बसला असता. आमच्या रंगाला देवाची योजना म्हणू नका."

 पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आपण प्रार्थना करू," आणि त्यांनी फक्त त्याचं नाव घेतलं.

उपासना संपल्यावर विमलवहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, मेले कसे ते सगळे सांगतात. वर्तमानपत्रवालेपण सांगून गेले. ते रोज काय करायचे तेवढं सांगा. पत्रात काही लिहायचे नाहीत. सगळं बरं आहे, एवढंच."

शाळेच्या बाकावर बसून मी सांगायला लागलो. गेटच्या चाकापासून. कोणतं चाक कोणाचं, कुठे थांबायचा, पोरांना काय उत्तर द्यायचा. टाकीजवळचं तुमचं होतं, म्हणालो, तेव्हा त्यांनी पदराने तोंड झाकलं. मी थांबलो नाही. बावीसही सांगितली.

मग त्यांनी विचारलं, "आणि जेवायचे कुठे? कोणाबरोबर?"

मी आठवून बघितलं. सव्वा वर्ष एका आवारात काढलं, एका बसने आलो-गेलो, एकाच बाकावर बसून डोळे मिटले.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी कधी विचारलं नाही."