शिरूची मागची चाकं

"ताई, तुम्ही लगेच निघा..." एवढंच म्हणून फोनवर सुरेखाचा आवाज थांबला. मी येवल्यात शाळेवर शिकवायला निघण्याच्या गडबडीत होते. सुरेखा माझी भावजय. माझा धाकटा भाऊ शिरीष, आमचा शिरू, त्या सकाळी मळ्यातला झेंडू पंचवटीच्या बाजारात उतरवून घरी आला, चहा टाक म्हणून ओट्यावर टेकला आणि तिथंच गेला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्यानं. नाशिकला पोचेपर्यंत एसटीत मला सारखं वाटत होतं, की ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल... आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, "गाडीवेडा होता हो तुमचा भाऊ." होताच. पण त्या वेडात तो किती विचार करायचा, हे मी जवळून पाहिलं आहे.

नव्वदच्या दशकात त्यानं अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, मागे लागून एक जुनी पद्मिनी मोटार घरी आणली. इंजिन स्वतः उघडून पुन्हा बांधलं. एरवी त्याच गाडीत फुलांच्या पाट्या जायच्या, आणि वर्षातून एकदा तो ती मद्रासजवळच्या शर्यतींच्या ट्रॅकवर न्यायचा. इतर लोक आपल्या गाड्या ट्रकवर चढवून आणत. हा नाशिकहून चालवत जायचा, शर्यतीत उतरायचा आणि तीच गाडी चालवत परत यायचा. इंजिनाला त्यानं भलताच जोर आणला होता. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाकं घसरायची, गाडीचं बूड बाहेर फेकलं जायचं. उपाय एकच, मागं रुंद चाकं आणि रुंद टायर. पण किती रुंद? फार रुंद घेतली तर आतून स्प्रिंगला घासणार, बाहेरून मडगार्डला. त्यानं काय करावं? आईनं मळून ठेवलेली कणीक उचलली, मडगार्डच्या आतून थापली, मागच्या सीटवर अप्पांना आणि आत्याला बसवलं आणि मळ्याच्या खडबडीत वाटेनं गाडी हाणली. परत आल्यावर कणकेवर टायर कुठं टेकला ते जमिनीवर पालथा पडून बघत बसला. आई कमरेवर हात ठेवून उभी. "मेल्या, आता पोळ्या काय मडगार्डच्या करू?" अप्पा मात्र हसून हसून खाली उतरेनात.

मला तो समजावून सांगायचा. "ताई, मागच्या चाकांनी रस्ता लय घट्ट धरला ना, तर पुढची वळायलाच तयार होत नाय. गाडी सरळ जाती. तोल साधला पाहिजे." शेवटी मडगार्डची कड ठोकून आत वळवली आणि बसतील तेवढी रुंद चाकं बसवली. टायर ट्रॅकसाठीचे, उथळ खाचांचे. कोरड्या रस्त्यावर गाडी आता चिकटून चालते, असं तो आनंदानं सांगत होता.

त्या श्रावणात मी बाळंतपणासाठी माहेरी होते. आठवा लागला होता. आईचा नवस होता, म्हणून शिरू आम्हा दोघींना त्र्यंबकेश्वरला घेऊन गेला. दर्शन झालं, आणि परत निघताना माझ्या पोटात कळ आली. पाठोपाठ रक्त जायला लागलं. बाहेर पाऊस असा, की काचेपुढचं काही दिसत नव्हतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. शिरू गाडी हळू चालवत होता. फार हळू. आई ओरडली, "अरे, तिकडं शर्यतीत पळवतोस तशी पळव की!"

"आई, या टायरवर पाण्यात गाडी तरंगती. पळवली तर हातात राहायची नाय."

"पोरगी जाईल माझी!"

त्यानं वेग वाढवला नाही. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. मध्येच विचारायचा, "ताई, जागी हाय ना?" मी हं म्हणायची. एकदा गाडी खरंच पाण्यावरून आडवी सरकली. त्यानं स्टिअरिंग हलक्या हातानं धरून ठेवलं, ब्रेकला पाय लावला नाही आणि ती परत रस्त्यावर आली. नाशिकला दवाखान्यात पोचलो. मी वाचले. बाळ नाही वाचलं... मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती, तुम्ही लवकर आला असतात तरी हातात काही नव्हतं. ते आईच्या कानात शिरलं नाही. ती व्हरांड्यात शिरूला एवढंच म्हणाली, "पळवली असतीस तर..."

शिरूनं दुसऱ्या दिवशी ती चाकं काढली. त्या वर्षी तो मद्रासला गेला नाही, पुढच्या वर्षीही नाही. गाडी फक्त बाजारापुरती. आई त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण त्याच्या गाडीत पुन्हा बसली नाही. मला ते बघवेना. एका दिवाळीत, त्यानं पुन्हा शर्यतीला जावं म्हणून, मीच त्याला ओढत टायरच्या दुकानात नेलं. तो रुंद टायरवरून हात फिरवायचा आणि अरुंदाकडे वळायचा. "ताई, मला ठरवता येत नाय. एकच गाडी, दोन ठिकाणची."

म्हटलं, "मग दोन जोड घे. रस्त्यावर खोल खाचांचे, नेहमीच्या रुंदीचे लाव. रुंद चाकं मागच्या सीटवर ठेव. तिथं गेल्यावर बदल."

"आणि बदलायला कोण येणार?"

"मी."

नवऱ्यानं हो म्हटलं आणि मी खरोखर गेले. दोन दिवसांचा प्रवास, मागच्या सीटवर माणसांसारखी बसलेली दोन चाकं. ट्रॅकवर नाशिककडची एक मास्तरीण साडी खोचून जॅक लावते आहे, हे बघायला लोक जमले. शिरू दुसरा आला. हेल्मेट काढून माझ्याजवळ आला आणि ढसाढसा रडला. शर्यतीचं ते रडणं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात राहून गेलेलं होतं. मी म्हटलं, "तू मला घरी आणलंस, शिरू. तेवढं लक्षात ठेव." पुढं बरीच वर्षं तो जात राहिला. मग त्याचं लग्न झालं, मळा वाढला, अप्पा गेले, शर्यती मागं पडल्या. मलाही पुढं मुलगा झाला. आई आणि शिरू, दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

शिरूचे विधी आम्ही त्र्यंबकेश्वरलाच केले. परतताना माझा नवरा गाडी चालवत होता, आई पुढं बसली होती. ऊन होतं, रस्ता कोरडा. ती खिडकीबाहेर बघत होती. मग मागं न वळता मला म्हणाली, "त्या दिवशी याच रस्त्यानं आणलं ना गं त्यानं तुला?"

"हो, आई."

तिनं पदर तोंडाशी धरला.

"नीट आणलं," ती म्हणाली. "लय नीट आणलं माझ्या लेकरानं."